चाळणताईंची मंजुरी

चाळणताईंच्या सासूबाईंनी एकदा शेजारणीला सांगितलं, "आमची सून कर्नलच्या चुका काढते." शेजारीण हे मनावर घेऊन बसली. सैन्यातल्या साहेबांना धारेवर धरणारी बाई आपल्याच मजल्यावर राहते म्हटल्यावर ती जिन्यात चाळणताई दिसल्या की बाजूला होऊन वाट द्यायची. काही महिन्यांनी चाळणताईंनाच ते जाणवलं आणि त्यांनी खुलासा केला. हा कर्नल संगणकातला. यंत्र सुरू झालं की सगळ्यांच्या आधी जागा होणारा आणि बाकी प्रोग्रामांना कामाला लावणारा जो मूळ प्रोग्राम, त्याला कर्नल म्हणतात. त्यातला मेमरीचा भाग चाळणताईंकडे होता. कुठल्या प्रोग्रामला मेमरीतली कोणती जागा द्यायची, आणि काम झालं की ती काढून घेऊन दुसऱ्याला कशी द्यायची, हे सगळं तो भाग ठरवतो. दुसऱ्यांनी त्यात केलेले बदल चाळणताई वाचायच्या. चूक दिसली तर परत पाठवायच्या, नाही दिसली तर मंजुरी द्यायच्या. त्यांची मंजुरी नसेल तर बदल पुढे जात नसे.

सासूबाईंनी हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोड काढायची आणि वर पगार घ्यायचा. मी हे जन्मभर फुकट केलं."

कंपनी रुग्णालयात खाटेशेजारी लावतात ते मॉनिटर बनवायची. नाडी, श्वास, रक्तदाब, सगळं एका पडद्यावर दाखवणारे. चाळणताई तिथे लागल्या तेव्हा त्यांचं काम फक्त बटणं दाबून बघण्याचं होतं. मॉनिटर चालू करा, बंद करा, वायर उपटा, परत लावा, काय होतं ते कळवा. त्या कळवायच्या आणि शेवटी विचारायच्या, "पण हे असं का झालं?" बहुतेक जण हा प्रश्न हसून टोलवायचे. अण्णा टोलवत नसत. अण्णा म्हणजे कंपनीतले सगळ्यात जुने प्रोग्रामर. कर्नलचा निम्मा भाग त्यांच्या हातचा. एकदा त्यांनी चाळणताईंसमोर खुर्ची ओढली आणि म्हणाले, "तुला का ते कळायला हवं असेल, तर वाचायला शीक. मी सांगितलेलं दोन दिवसांत विसरशील."

वर्षभर त्या मेमरीच्या भागापाशी अडून बसल्या होत्या. डोक्यात काही शिरेना. इतर कोणी असते तर तोवर दुसरीकडे वळले असते. त्या मात्र रोज सकाळी कामाला लागण्याआधी तेवढाच भाग पुन्हा वाचायच्या आणि अण्णांना भंडावून सोडायच्या. अण्णा कधी चिडायचे, कधी हात जोडायचे, पण उत्तर द्यायचे. पुढे दोघांची अशी काही गट्टी जमली की अण्णांनी लिहायचं आणि ताईंनी चाळायचं, हा रिवाजच होऊन गेला. चाळणताई हे नावही अण्णांनीच ठेवलं. खडा आत जाऊ देत नाही म्हणून.

आणि मग अण्णांची निवृत्ती जवळ आली.

जाता जाता त्यांनी एक मोठा बदल लिहिला. त्यात काय होतं, ते आधी सांगायला हवं. मॉनिटरच्या प्रोसेसरात चार कोअर असतात, म्हणजे एकाच वेळी काम करणारे चार कामगारच समजा. मेमरीत कोणाची जागा कुठे आहे, याचा नकाशा कर्नलकडे असतो. पण कोअर दर वेळी नकाशा उघडत बसत नाही. नुकतेच लागलेले पत्ते तो पाठ करून ठेवतो. त्यामुळे एखादी जागा काढून घेतली की चारही कोअरना हाक मारून सांगावं लागतं, तो पत्ता आता विसरा. सगळ्यांनी विसरल्याचं कळवलं की मगच ती जागा दुसऱ्याला द्यायची. अण्णांचं म्हणणं असं, की झोपलेल्या कोअरला एवढ्यासाठी उठवायचं कशाला? त्याच्या नावाने एक खूण ठेवावी. तो जागा झाला की खूण बघेल, पाठ केलेलं पुसेल आणि मग कामाला लागेल. उगाच उठवाउठवी नाही, त्यामुळे बॅटरी जास्त टिकते. रुग्णाला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेताना मॉनिटर बॅटरीवरच चालतो, म्हणून हे सगळ्यांनाच हवं होतं.

चाचण्या सगळ्या हिरव्या आल्या, म्हणजे पास झाल्या. मॅनेजर खूश झाला. तो वयाने चाळणताईंहून बराच लहान होता, भला होता, पण रुग्णालयांना दिलेली तारीख त्याच्या मानेवर बसली होती. त्याने ठरवलं की नवी आवृत्ती आणि अण्णांचा निरोप समारंभ एकाच दिवशी करायचा. राहिली होती ती फक्त चाळणताईंची मंजुरी.

त्यांनी वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी हरकत नोंदवली. जागा होणारा कोअर आधी खूण बघतोय आणि नंतर 'मी जागा आहे' असं जाहीर करतोय. हे उलटं आहे. मधल्या क्षणात कोणी खूण ठेवली तर ती त्याला दिसणारच नाही.

बैठक बोलावली गेली. अण्णांनी भिंतीवरच्या पडद्यावर कोड दाखवला. क्रम अगदी बरोबर होता. आधी जाहीर करणं, मग खूण बघणं. चाळणताईंनी वाचला होता तो पहिला मसुदा. अण्णांनी तीच चूक स्वतःच पकडून नवा मसुदा चढवला होता, आणि इतकी वर्षं दुसऱ्यांना 'शेवटचा मसुदा बघून बोला' असं बजावणाऱ्या चाळणताई जुन्यावरच बोलत होत्या.

"चाळणीला भोक पडलं म्हणायचं," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. अण्णाही हसले, जरा जास्तच.

चाळणताईंचे कान तापले. "माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "हरकत मागे घेते."

"मग द्या की मंजुरी," मॅनेजर म्हणाला.

"ही हरकत मागे घेतली. वाचून अजून झालेलं नाही."

"ताई, आता काय राहिलंय त्यात?"

"ते वाचल्यावर कळेल."

बैठकीनंतर अण्णा त्यांच्या टेबलाशी आले. हसू मावळलं होतं. "एवढी वर्षं माझं वाचतेस. शेवटच्या वेळेला माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"तुमच्यावर आहे, अण्णा. कोडवर कसा ठेवू? तुम्हीच शिकवलंय ठेवायचा नाही."

"मी शिकवलेलं माझ्याच गळ्यात घालतेस?" असं म्हणून ते गेले. त्या दिवसापासून चहाला ते दुसऱ्या टेबलावर बसू लागले.

घरीही त्यांच्यापुढे तोच बदल उघडा होता. त्यांचा नवरा शिंपी. दुकान खालीच, आणि सुट्टीच्या दिवशी राहिलेले कपडे तो वर घेऊन यायचा. त्या सकाळी तो कोटाचं अस्तर उसवत होता आणि सासूबाई खिडकीशी पत्ते मांडून एकट्याच खेळत होत्या.

"काही सापडलं?" नवऱ्याने विचारलं.

"नाही."

"मग अडून कशाला बसलीस?"

"काहीतरी खुपतंय. काय ते कळत नाही."

"आणि नाहीच सापडलं तर?"

"तर मंजुरी देईन. पण पूर्ण वाचून देईन. अर्धं वाचून मी हो म्हणत नाही आणि अर्धं वाचून नाही म्हटलं की काय होतं, ते परवा सगळ्यांनी पाहिलं."

सासूबाईंनी पत्त्यांवरची नजर काढली नाही. "हसले म्हणून लागलंय का तुला?"

चाळणताईंनी जरा विचार केला. "लागलंय. पण ते वेगळं. हसले म्हणून मी ही चूक शोधत असेन, तर ते मला कळायला हवं. तेच तपासतेय दोन दिवस."

"मग?"

"ते नसतं तरी खुपलं असतं."

"मग बस वाचत," सासूबाई म्हणाल्या. "दूध मी बघते." हे त्यांच्याकडून फार मोठं होतं. दुधाकडे बघायला त्यांना पत्ते सोडून उठावं लागायचं.

चाळणताई पुन्हा मुळापासून वाचायला बसल्या. बदल पडद्यावर दिसतो तेव्हा नव्याने घातलेल्या ओळी हिरव्या असतात आणि काढून टाकलेल्या लाल. इतके दिवस त्या हिरव्या ओळी घासून वाचत होत्या. आता त्यांनी लाल ओळी घेतल्या. जे काढलं ते का होतं, आणि गेल्यावर त्याचं काम कोण करणार, हे एकेका ओळीला विचारायचं ठरवलं.

एक लाल ओळ साधीच होती. कोअर जागा झाल्याचं जाहीर करणारी जुनी सूचना. ती जड होती, वेळ खायची. अण्णांनी तिच्या जागी हलकी सूचना घातली होती. दोन्हीचं काम एकच, 'मी जागा आहे' एवढं लिहिणं. पण जड सूचनेचा एक गुण होता. लिहिलेलं सगळ्या कोअरपर्यंत पोचल्याशिवाय ती पुढे सरकतच नसे. हलकीला तसलं काही बंधन नव्हतं. ती लिहायची, आणि ते लिहिलेलं बाहेर पोचायच्या आत प्रोसेसर पुढची ओळही उरकून घ्यायचा. पुढची ओळ होती खूण बघण्याची.

चाळणताई खुर्चीत सरळ झाल्या. पडद्यावर क्रम बरोबर होता. यंत्रात तो उलटा होऊ शकत होता. कोअरला वाटणार, आपण जागे झाल्याचं सांगितलं. बाहेरच्याला, म्हणजे जागा काढून घेणाऱ्या दुसऱ्या कोअरला, तो अजून झोपलेलाच दिसणार. बाहेरचा त्याच्यासाठी खूण ठेवून निघून जाणार, आणि याचं खूण बघून आधीच झालेलं असणार. मग हा जुनाच पत्ता पाठ धरून दुसऱ्याला दिलेल्या जागेत वाचत सुटणार. मॉनिटरमध्ये त्या जागेत काय असेल, ते सांगता येत नव्हतं. कदाचित रक्तदाबाच्या जागी दुसराच आकडा. कदाचित आधीच्या रुग्णाची नाडी.

"सापडलं?" नवऱ्याने विचारलं.

"वाटतंय. पण मागच्या वेळेलाही वाटलंच होतं." आणि त्यांनी कोणालाही काही कळवलं नाही.

ऑफिसात जाऊन त्यांनी एक छोटी चाचणी लिहिली. एक प्रोग्राम सारखी जागा घेईल आणि सोडेल. दुसरा सारखा डुलकी काढेल, उठेल आणि वाचेल. आपलं नसलेलं काही वाचलं गेलं, तर तशी एक ओळ छापेल. चाचणी सुरू केली. काहीच छापलं गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मॅनेजर येऊन उभा राहिला.

"ताई, खरं सांगा. चूक आहे की नाही?"

"आहे असं माझं मत आहे. अजून दाखवता येत नाही."

"दाखवता येत नाही, तर मी वरच्यांना काय सांगू? मला तुमच्याशी वाद घालायचा नाही. पण मग मंजुरीसाठी दुसऱ्या कोणाला तरी नेमावं लागेल."

"नेमा," चाळणताई शांतपणे म्हणाल्या. "तुमचा अधिकार आहे. फक्त मी नाही म्हटलंय आणि का म्हटलंय, ते त्याला आधी वाचायला द्या. ते वाचूनही त्याने हो म्हटलं, तर माझी तक्रार नाही."

मॅनेजर डोकं खाजवत गेला. त्याने दुसऱ्याला नेमलं नाही. नेमलं असतं तर त्या माणसाला चाळणताईंच्या शेजारीच बसावं लागलं असतं, आणि तेवढं धैर्य कोणाच्या अंगात नव्हतं, असं नंतर लोक गमतीने म्हणत.

चाळणताईंनी स्वतःलाच विचारलं, नव्या मॉनिटरच्या बोर्डावर दिसत नाही, तर कुठे दिसेल? नवा प्रोसेसर चपळ. लिहिलेलं बाहेर पोचायला त्याला वेळच लागत नाही, म्हणून चूक घडायला फट सापडत नसावी. जुना मंद. कंपनीच्या प्रयोगशाळेत जुने बोर्ड कोणी ठेवत नव्हतं, पण रुग्णालयांत ते अजून ढिगाने होते, आणि नवी आवृत्ती त्यांच्यावरही जाणार होती.

त्या तळमजल्यावर दुरुस्ती विभागात गेल्या. तिथला मेकॅनिक स्क्रू तोंडात धरून बोलायचा.

"जुना मॉनिटर हवाय. चालू."

"चालू असता तर माझ्याकडे कशाला आला असता?"

"मेमरी आणि प्रोसेसर चालायला हवा. बाकी फुटका चालेल."

त्याने फळीवरून एक उतरवला. काच तडकलेली, एका बाजूचं झाकण नाही. "हा खाटेवरून पडलाय. माणूस नाही, हा." असं म्हणून त्याने तो तापू नये म्हणून पंखा लावून दिला आणि वायरही जोडून दिली.

दुपारपर्यंत काही नाही. चाळणताईंनी चाचणीत जरा बदल केला. डुलक्या छोट्या केल्या, म्हणजे जागं होण्याची वेळ जास्त वेळा येईल. जेवून आल्या आणि तडकलेल्या काचेमागे एक ओळ छापलेली दिसली. त्यांनी ती वाचली. चाचणीतलीच चूक असेल म्हणून चाचणी तपासली. मग जड सूचना परत घालून तेच सगळं पुन्हा चालवलं. काही छापलं गेलं नाही. ती काढून पुन्हा चालवलं. ओळ आली. चहाच्या वेळेपर्यंत आणखी एक आली. आता शंका उरली नाही.

आधी मॅनेजरकडे जाता आलं असतं. बैठक बोलावून भिंतीवरच्या पडद्यावर दाखवता आलं असतं. चाळणताई अण्णांच्या टेबलाशी गेल्या.

"अण्णा, खाली येता का जरा? दुरुस्तीत."

"मी आवराआवर करतोय."

"पाच मिनिटं. तुमचं मत हवंय."

अण्णा आले. खुर्ची नव्हती, म्हणून खोक्यावर बसले. चाळणताईंनी तोंडाने काही सांगितलं नाही. लाल ओळ दाखवली, चाचणी दाखवली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. अण्णांनी लाल ओळीवर बोट ठेवलं. मेकॅनिकनेही तोंडातला स्क्रू काढून ठेवला.

"ही मी काढली," अण्णा म्हणाले. "काढताना आठवतंय मला. जड आहे, उगाच आहे, असं वाटलं. ती तिथे घातलीही मीच होती. का घातली होती, ते विसरलो." मग एकदम चढ्या आवाजात, "तू हे आठवड्यापूर्वी का नाही बोललीस?"

"आठवड्यापूर्वी बोलले, तेव्हा चुकीचं बोलले. परत तसं करायचं नव्हतं."

अण्णा खोक्यावरून उठले. "दुसऱ्या बाजूलाही हेच असणार. खूण ठेवणाऱ्याच्या. तो खूण ठेवतो आणि मग हा झोपलाय का ते बघतो. तिथेही क्रम उलटू शकतो."

चाळणताईंनी कपाळाला हात लावला. "ते माझ्या लक्षात आलं नव्हतं."

"मग चाळण कसली तू," अण्णा म्हणाले. पण खुर्ची मागवली आणि संध्याकाळपर्यंत दोघं तिथेच बसले.

अण्णांनी स्वतःच बदल मागे घेतला आणि कारण आपल्या नावाने लिहिलं. दुरुस्त केलेला बदल तयार झाला, तेव्हा बॅटरीचा फायदा थोडा कमी झाला होता. तारीख हुकली. मॅनेजरने वरच्यांची बोलणी खाल्ली. चाळणताईंनी मंजुरी देण्याआधी एक अट घातली, की ही चाचणी आणि तो फुटका मॉनिटर, दोन्ही कायमचे प्रयोगशाळेत राहतील. मेकॅनिकने तो वर पाठवताना त्याला झाकण बसवून दिलं.

अण्णांचा निरोप समारंभ नव्या आवृत्तीशिवायच झाला. ते बोलायला उभे राहिले. सगळ्यांचे आभार मानले, चहावाल्याचेही. चाळणताईंचं नाव घेतलं नाही. त्या मागे उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. घरी आल्यावर त्यांनी हे सांगितलं, तेव्हा नवरा म्हणाला, "वाईट वाटलं?"

"वाटलं," त्या म्हणाल्या. "पण मी पुन्हा तेच करीन."

पुढे काही महिने अण्णांचा फोन आला नाही. चाळणताईंनी केला, तर दोन शब्द बोलून ते ठेवून द्यायचे. मेमरीचा सगळा भाग आता चाळणताईंकडे आला होता. म्हणजे वाचण्याबरोबर लिहिणंही त्यांचंच. त्यांनी पहिला मोठा बदल लिहिला आणि मंजुरीला कोणाकडे पाठवायचा, असा प्रश्न पडला. ऑफिसात सगळे त्यांना घाबरून डोळे झाकून हो म्हणत. असल्या मंजुरीचा त्यांना राग होता. त्यांनी मॅनेजरची परवानगी काढली आणि तो बदल अण्णांना पाठवला. बरोबर एवढंच लिहिलं, "वाचून काय ते कळवा. ओळखीवर सोडू नका."

उत्तर लगेच आलं नाही. आलं ते हरकतींनी भरलेलं. नावं चुकीची दिली आहेत. हा भाग दोनदा लिहिला आहे. इथे जागा मिळाली नाही तर काय करशील, त्याचा विचारच नाही. एका हरकतीत तर अण्णांनी लिहिलं होतं, "हे कोणी शिकवलं तुला?"

सासूबाईंनी पत्ते पिसता पिसता विचारलं, "काय म्हणतायत तुझे अण्णा?"

"खोडी काढल्यात. ढीगभर."

"खऱ्या का उगाच?"

"बऱ्याचशा खऱ्या," चाळणताई म्हणाल्या. "दोन मला पटत नाहीत. त्यावर भांडणार आहे." आणि त्यांनी पहिली हरकत उघडून उत्तर लिहायला घेतलं.